अभ्यासपाठ : जुन्या रंगातील शिसे, विश्वस्त आणि कर्ज देणाऱ्या संस्था

वाचनासाठी : अनुवाद 22:8, लेवीय 14:33-48, निर्गम 21:28-34



आपल्या वसई-विरार परिसरातील मंडळ्यांमध्ये असे घर विरळाच, ज्यातला कोणी ना कोणी एखाद्या संस्थेवर नाही. कोणी वसतिगृहाच्या न्यासाचे विश्वस्त, कोणी पतसंस्थेचे संचालक, कोणी इमारत समितीचे सदस्य. मी गेली अनेक वर्षे आदिवासी मुलांच्या शिक्षणाच्या कामात आहे आणि त्यानिमित्ताने अशा बैठकांना बसते. तिथे एक वाक्य हमखास कानावर येते : "मी आपला नावापुरता आहे." कर्ज देणाऱ्या संस्थेतील मंडळी म्हणतात, "आम्ही फक्त पैसे दिले, घर आमचे नव्हे." या अंकातील पाठ या दोन वाक्यांची परीक्षा घेण्यासाठी आहे.

त्यासाठी मुद्दाम एक लहान विषय निवडला आहे : जुन्या दारे-खिडक्यांच्या, लोखंडी खाटांच्या तैलरंगात असणारे शिसे. इमारत कोसळली तर त्याच दिवशी सर्वांना कळते. ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसे गेली, ते दुःख आपल्या परिसरात अजून ताजे आहे. शिशाचे तसे नाही. ते मुलाच्या अंगात गुपचूप जाते आणि "पोराचे अभ्यासात लक्ष नाही" एवढेच शिक्षकांच्या लक्षात येते. धोका दिसत नाही तेव्हा जबाबदार कोण, हा प्रश्न अधिक कठीण होतो.

1. धोका नेमका काय?

रंगात शिसे घालत, कारण त्याने रंग झळझळीत होतो, लवकर वाळतो आणि टिकतो. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा अशा भडक तैलरंगांत त्याचे प्रमाण विशेष असे. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावला जाणारा शेंदरी रंगाचा 'रेड लेड' तर शिशाचाच. (तपकिरी 'रेड ऑक्साइड' वेगळा, त्यातील मूळ द्रव्य लोहाचे असते.) वारली घरांच्या कुडाच्या भिंतीवरचा गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग यांत ही भीती नाही. म्हणजे पाड्यावरच्या झोपडीत नसलेला धोका मुलांना आपल्या पक्क्या इमारतीत भेटू शकतो, हे ध्यानात घ्यावे.

रंग भिंतीवर घट्ट असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. दमट हवेने त्याचे पोपडे सुटले, खिडकी उघडताना-मिटताना चौकट घासली गेली, किंवा नवा रंग देण्यापूर्वी जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती जमिनीवर, अंथरुणावर, हातावर बसते आणि हातावाटे तोंडात जाते. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा शिसे अधिक शोषून घेते. अंगात लोह कमी असेल तर आणखी अधिक. जव्हार-मोखाड्याकडून येणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षय किती आढळतो हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्या मुलांना आपण आधार द्यायला आणतो, त्यांनाच याची इजा अधिक.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे. भारतातील अशा मुलांची संख्या त्या अहवालात सुमारे 27 कोटी 50 लाख दिली आहे. याला रंग हे एकच कारण नाही. जुन्या बॅटऱ्या, काही भांडी, भेसळीचे मसाले हीही कारणे आहेत. परंतु वसतिगृहाची भिंत आणि खाट यांचा रंग आपल्या हातात आहे.

2. रंगाविषयी आपला नियम

भारत सरकारने घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम 1 नोव्हेंबर 2016 रोजी प्रसिद्ध केले आणि ते वर्षभराने, 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यानुसार अशा रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि तसे डब्यावर छापलेले असले पाहिजे.

या नियमाच्या दोन मर्यादा आहेत. एक, तो घरगुती रंगांसाठी आहे. कारखान्यांसाठीच्या रंगांना लागू नाही. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी खाटांसाठी "टिकाऊ आहे, घेऊन जा" म्हणून दिलेला डबा कोणत्या प्रकारचा, हे वाचूनच घ्यावे. दुसरी मर्यादा मोठी : हा नियम नव्या डब्याला आहे, जुन्या भिंतीला नाही. 2017 पूर्वी रंगवलेली खिडकी तपासा, असे तो कोणालाही सांगत नाही. मग त्या खिडकीची जबाबदारी कोणाची? याचे उत्तर मालमत्तेच्या आणि न्यासाच्या सर्वसाधारण कायद्यांत शोधावे लागते.

3. कायदा कोणाला विचारतो?

माझ्या अभ्यासातून हाती आलेले सूत्र आधीच सांगते : ज्याच्या हाती ताबा आणि ज्याच्या कानी माहिती, त्याच्याकडे जबाबदारी. आता एकेकाचे पाहू.

(अ) भाड्याने देणारा आणि विकणारा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या कलम 108 नुसार, जागा ज्या उपयोगासाठी दिली त्याला बाधक असा दोष भाड्याने देणाऱ्याला ठाऊक असेल, आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही तो दिसणार नसेल, तर तो सांगणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. विक्रीसाठी कलम 55 मध्ये अशीच तरतूद आहे. शिसे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्याने बोललेच पाहिजे.

"मला ठाऊकच नव्हते" म्हटले की सुटका होते का? नेहमी नाही. दिल्लीच्या चांदनी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिल्ली महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची जुनी इमारत वेळोवेळी तपासून घेणे हे मालकाचेच काम. दोष आत लपलेला होता ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. तो खटला कोसळण्याचा होता, रंगाचा नव्हे. पण ज्याने पाहायला हवे होते त्याने पाहिले नाही, तर अज्ञान ही ढाल होत नाही, एवढे त्यातून निश्चित शिकावे.

(आ) विश्वस्त. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 36-अ प्रमाणे न्यासाचा कारभार पाहणे हे प्रत्येक विश्वस्ताचे कर्तव्य आहे. त्यात नावापुरता विश्वस्त असा वर्ग नाही. त्याच कलमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही. इमारतीच्या दुरुस्तीसाठी घाईने कर्ज घेणाऱ्या समित्यांनी हे विसरू नये. विश्वस्तांच्या निष्काळजीपणामुळे न्यासाचे नुकसान झाले तर चौकशी करून ते त्यांच्याकडून भरून घेण्याची तरतूद कलम 40 व 41 मध्ये आहे, आणि पदावरून दूर करण्याची कलम 41-ड मध्ये. म्हणजे मुलाला इजा झाली आणि न्यासाला भरपाई द्यावी लागली, तर तो पैसा दानपेटीतून जाऊन प्रकरण मिटेलच असे नाही. "तुम्ही काय पाहिले, काय केले?" असा प्रश्न विश्वस्ताला व्यक्तिशः विचारला जाऊ शकतो.

(इ) कर्ज देणारी संस्था. इथे नीट फरक करावा लागतो. पतसंस्थेने किंवा बँकेने घर तारण घेतले, हप्ते घेतले, एवढ्याने ती घरातील दोषाला सर्वसाधारणपणे उत्तरदायी होत नाही. कारण किल्ली कर्जदाराकडे आहे. हप्ते थकले आणि संस्थेने ताबा घेतला, की चित्र बदलते. 1882 च्या त्याच कायद्याचे कलम 76 सांगते की गहाण मालमत्ता ताब्यात असलेल्या धनकोने ती स्वतःची असती तर शहाण्या माणसाने जशी सांभाळली असती तशी सांभाळावी, आणि येणाऱ्या भाड्यातून आवश्यक दुरुस्ती करावी.

सहकारी बँकांना 2002 च्या 'सरफेसी' कायद्याने न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2020 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. पतसंस्थांची वसुली सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार होते. लिलावात कोणी घेतले नाही तर मालमत्ता संस्थेकडेच हस्तांतरित होऊ शकते (कलम 100). त्या दिवशी संस्था केवळ कर्ज देणारी राहत नाही. आणि संचालकांच्या चुकीने संस्थेचे नुकसान झाले तर कलम 88 प्रमाणे वसुली संचालकांकडून होऊ शकते.

ताब्याबरोबर जबाबदारी येते, हे अलीकडे घर खरेदीदारांच्या एका प्रकरणातही दिसले. बिल्डरने कर्ज बुडवले म्हणून बँकेने अपुऱ्या प्रकल्पाचा ताबा घेतला. राजस्थान उच्च न्यायालयाने म्हटले की ताबा घेतल्यावर बँक बिल्डरच्या जागी येते आणि तिच्याविरुद्ध 'रेरा'कडे तक्रार चालू शकते. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हेही प्रकरण रंगाचे नव्हते. पण अधिकार घ्यायचा आणि कर्तव्य मागच्यावर सोडायचे, असे चालत नाही हे त्यातून दिसते.

4. अमेरिकेने काय केले?

नेमक्या या विषयावरचे सविस्तर कायदे अमेरिकेत आहेत. तिथे घरगुती रंगातील शिशावर 1978 मध्ये बंदी आली. 1992 च्या कायद्याने 1978 पूर्वीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना शिशाविषयी जे ठाऊक आहे ते लेखी सांगणे सक्तीचे केले. खरेदीदाराला तपासणीसाठी 10 दिवसांची मुदतही मिळते. बँकेच्या जप्तीच्या लिलावाला यातून सूट आहे. पण लिलावात तेच घर बँकेकडे आले आणि पुढे तिने ते विकले, तर बँकेलाही सांगावेच लागते. पुन्हा तेच सूत्र.

दूषित जमिनींसंबंधीच्या त्यांच्या 1980 च्या कायद्याखाली 1990 मध्ये एका न्यायालयाने कर्ज देणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी टाकली. त्यामुळे बँका घाबरल्या. 1996 मध्ये दुरुस्ती होऊन ठरले की प्रत्यक्ष कारभारात भाग न घेणारी कर्ज देणारी संस्था दोषी नाही. तिने तपासणी केली किंवा कर्जदाराला "आधी सफाई कर" अशी अट घातली, एवढ्याने ती कारभारी ठरत नाही. विश्वस्ताची जबाबदारीही न्यासाच्या मालमत्तेपुरती ठेवली, मात्र त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर ही सवलत नाही. तो कायदा घरातल्या रंगासाठी नाही आणि आपल्याला लागूही नाही. पण अट घालायला घाबरू नये, हा धडा आपल्या पतसंस्थांनी घेण्यासारखा आहे.

5. एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, वसईतील एका कुटुंबाने आपला जुना बंगला आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी एका न्यासाला दान दिला. बंगल्यावर पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा आहे. खिडक्यांना हिरवा तैलरंग, पोपडे सुटलेले. न्यासाने मुली आणल्या, आणि सुट्टी नसताना रंगकाम काढले. कारागिराने कोरडे घासकाम केले, मुली त्याच खोल्यांत झोपल्या. काही महिन्यांनी दोघींच्या रक्तात शिसे आढळले.

दात्याला धोका ठाऊक असूनही तो बोलला नाही, तर त्याने निदान नैतिक ऋण मागे ठेवले. विश्वस्त सर्वांत पुढे येतात : ताबा त्यांचा, मुली त्यांच्या भरवशावर, कामाचा ठराव त्यांचा. कारागिराला काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हेही त्यांनाच विचारले जाईल. पतसंस्था या घडीला मागे आहे; पण उद्या कर्ज थकून तिने ताबा घेतला आणि त्याच खोल्या भाड्याने दिल्या, तर विश्वस्तांच्या जागी ती उभी राहील. आणि तिच्या मूल्यांकन अहवालात पोपड्यांचा उल्लेख असेल तर "ठाऊक नव्हते" हे तिला म्हणता येणार नाही. दुरुस्तीच्या रंगातच मर्यादेपेक्षा जास्त शिसे निघाले, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार उत्पादक आणि विक्रेता यांच्याकडेही दाद मागता येते; त्यासाठी पावती आणि डबा जपून ठेवलेला हवा.

6. शास्त्राच्या प्रकाशात

कायद्याच्या पुस्तकांतून फिरून मी पवित्र शास्त्राकडे परत आले तेव्हा हीच वाट तिथे आधीपासून आखलेली दिसली. अनुवादात नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कोणी पडल्यानंतर भरपाई देण्याची ही गोष्ट नाही. कोणी पडूच नये यासाठीची आहे. निर्गमात मारका बैल आणि उघडा खड्डा यांचे नियम आहेत. बैल मारका आहे हे ज्याला आधी सांगितले होते आणि तरी ज्याने तो बांधला नाही, त्याचा दोष कितीतरी अधिक. माहितीने जबाबदारी वाढते.

लेवीय 14 हा उतारा आपण सहसा वाचून पुढे जातो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले तर घरमालकाने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे. आधी घर रिकामे करायचे, मग तपासणी. घर सात दिवस बंद ठेवायचे. दोष पसरला तर दगड काढून, भिंत खरवडून, ती माती नगराबाहेर ठरलेल्या जागी टाकायची. त्यात शिशाचा विषय नाही, तसा अर्थ ओढून लावू नये. पण क्रम पाहा : सांगणे, माणसे बाहेर काढणे, तपासणे, काढून टाकणे, पुन्हा पाहणे. यापेक्षा चांगली कार्यपद्धती आजचा अभियंताही देणार नाही.

7. आपल्या समित्यांनी काय करावे?

न्यासांनी : जुनी इमारत दानात घेण्यापूर्वी किंवा भाड्याने घेण्यापूर्वी दारे, खिडक्या, जिने, खाटा पाहून लेखी नोंद करावी. शंका असल्यास रंगाचा तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा. ही नोंद सभेच्या इतिवृत्तात यावी. रंगकाम मुले सुट्टीवर गावी गेल्यावरच काढावे. जुना रंग पाण्याने ओला करून खरवडावा. कोरडा घासू नये, ज्योतीने जाळू नये. पोपडे पिशवीत बंद करावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी, अंथरुणे धुवावीत. नव्या डब्यावर 90 च्या मर्यादेची छापील ओळ आहे का ते पाहावे.

पतसंस्थांनी : तारणाची पाहणी करताना भिंतीची ताकद पाहता तशी रंगाची स्थितीही लिहावी. वसतिगृह, बालवाडी, शाळा यांना कर्ज देताना सुरक्षित दुरुस्तीची अट घालावी आणि त्या खर्चाची रक्कम कर्जातच धरावी. ताबा घेतलेल्या घरात कुटुंब ठेवण्यापूर्वी पाहणी करावी. विकताना जे ठाऊक आहे ते लिहून द्यावे.

दात्यांनी : इमारत देताना तिचे दोषही सांगावेत. शक्य झाल्यास दुरुस्तीचा खर्च दानात जोडावा.

वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि ताईंनी : जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, आणि नाचणी, हिरव्या भाज्या, कडधान्ये यांचा आहार चालू ठेवावा. मुलीचे पोट वारंवार दुखत असेल, ती फिकट व सुस्त दिसत असेल, तर डॉक्टरांना इमारतीच्या रंगकामाविषयी सांगून रक्ततपासणीबद्दल विचारावे.

प्रत्यक्ष वाद उभा राहिल्यास वकिलाचा सल्ला घ्यावाच. हा पाठ त्याआधीच्या दिवसांसाठी आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीच्या किंवा न्यासाच्या ताब्यात 2017 पूर्वी रंगवलेल्या किती खोल्या आहेत? त्यांत मुले कुठे झोपतात?

2. आपल्या समितीच्या इतिवृत्तात गेल्या तीन वर्षांत इमारतीच्या पाहणीची एकतरी नोंद आहे का?

3. विश्वस्तपद स्वीकारताना आपण कोणत्या कामाला होकार दिला होता? "नावापुरता" हा शब्द निर्गम 21 समोर ठेवून पाहा.

4. पतसंस्थेत काम करणाऱ्यांसाठी : ताबा घेतलेल्या घरांची किल्ली कोणाकडे असते आणि तिथली पाहणी कोण करतो?

पाड्यावरचे आईबाप आपली लेकरे आपल्याकडे सोपवतात तेव्हा करारनामा मागत नाहीत. ते मूल आपल्या हाती देतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. त्या विश्वासाला कायद्यात कलम नसेल, पण देवासमोर त्याचा हिशोब आहे. येत्या तिमाहीत आपल्या समितीने एक संध्याकाळ काढून, हातात वही घेऊन, खोलीखोलीतून फिरावे एवढीच विनंती.